स्वच्छ काचेवर टिपणारा मासा

बेळगावातल्या एका फिश टँकच्या दुकानात, शनिवारच्या संध्याकाळच्या गर्दीत, एक गृहस्थ आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी एका छोट्या काचेच्या खोक्यासमोर उभी होती. खोक्यात वाळू नव्हती, दगड नव्हता. तळाची काच घासूनपुसून लख्ख केलेली, कोपऱ्यात स्पंज फिल्टर बुडबुडत होता, आणि मधोमध मँडरिन नावाचा एक समुद्री मासा. बोटाएवढा लांब, निळ्यावर नारिंगी नागमोडी पट्टे, गालावर हिरवट-पिवळी नक्षी, पोटाखालचे पर पसरून तळावरून चालल्यासारखा सरकत होता. दोन-चार सेकंदांनी थांबायचा, डोळे फिरवून काचेवरची एखादी जागा निरखायचा आणि चटकन तोंड पुढे काढून टिपायचा. "पप्पा, खातोय की हा!" मुलगी हरखून म्हणाली. दुकानदारानंही मान डोलावली, "खातो की. दिवसभर खातच असतो." पप्पांना तेवढं पुरलं. पिशवीत पाणी भरायला घेतलं.

काच स्वच्छ होती.

तिच्यावर टिपण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हेच माझ्या मनात रुतून बसलं. दुकानदार खोटं बोलत होता असं नाही. त्याला जे दिसत होतं तेच त्यानं सांगितलं. या माशाची गोम अशी की तो उपाशी असतानाही जेवताना दिसतो. क्लाउन फिश भुकेला असला की वर येऊन काचेशी नाचतो, सर्जन मासा माणसाची सावली दिसली तरी धावून येतो. मँडरिन मागत नाही. अंगणात टिपणाऱ्या कोंबडीसारखा उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो टिपत फिरतो, दाणा असला तरी आणि नसला तरी. अंगावरच्या रंगावरूनही काही उमगत नाही, कारण हाडं वर येऊ लागली तरी निळा झळझळीतच राहतो. बहुतेक निळ्या प्राण्यांचा निळा हा उजेडाच्या परावर्तनाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरचं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं, आणि असं खरं निळं रंगद्रव्य पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत फारच दुर्मिळ आहे. लोक या निळ्यावरच भाळतात. बघायला हवं ते वरून: डोक्यामागचा पाठीचा भाग भरलेला आहे की दोन्ही बाजूंनी दबून मध्ये धार आलीय. मग बाजूनं पोट बघायचं. भरलेलं पोट किंचित गोलसर दिसतं. आत ओढलेलं, खळगा पडलेलं पोट दिसलं तर तो मासा घरी आणून वाचवू म्हणणाऱ्यांतले थोडेच जण त्याला वाचवू शकतात.

हा मासा पश्चिम पॅसिफिकचा. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, पलाऊ करत खाली ऑस्ट्रेलियापर्यंत, खाड्यांतल्या आणि किनाऱ्याजवळच्या प्रवाळांच्या तुटक्या तुकड्यांच्या ढिगांत राहतो. १९२७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली ती फिलिपिन्सच्या नमुन्यावरून. लांबी सहा-सात सेंटिमीटर. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड, उग्र वासाचा, चवीला घाण असा बुळबुळीत थर, म्हणून दुसरे मासे सहसा त्याच्या वाट्याला जात नाहीत. या थरामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही त्याला इतर माशांइतका चटकन धरत नाही. धरतच नाही असं मात्र समजू नये. समुद्रात पकडलेल्या मँडरिनच्या पोटात सापडतात ते कोपेपॉड आणि छोटे अँफिपॉड (दोन्ही झिंग्यांच्या जातकुळीतले इवले जीव), बारीक किडे, इवल्या गोगलगायी, दुसऱ्या माशांची अंडी. सगळं जिवंत, सगळं मिलिमीटरच्या आसपासचं, आणि एकेक करून टिपलेलं. एका वेळी पोटात थोडंच मावतं, म्हणून जेवण दिवसभर चालतं. सकाळी एकदा आणि रात्री एकदा चिमूटभर खाद्य टाकून गोल्डफिश वर्षानुवर्षं जगतो. मँडरिनसाठी हा हिशेब मुळातच चालत नाही.

म्हणून मँडरिन पाळायचा म्हणजे आधी त्याचं खाणं पाळायचं. हे एकदा पटलं की बाकीच्या गोष्टी आपोआप मार्गी लागतात.

जोडी ठेवायची तर टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, म्हणजे भरून सव्वातीनशे लिटरच्या आसपास. दगड आणि वाळू घातल्यावर पाणी राहतं ते २७० लिटरच्या घरात. यापेक्षा लहान टाकीत जोड्या जगवणारे लोक आहेत, पण ते रोज चार-पाच वेळा जिवंत खाणं घालतात. कामाला जाणाऱ्या माणसानं ते मनात आणू नये. उंचीचा मुद्दा पुढे अंड्यांच्या वेळी येईल. स्टँड, काच, दगड धरून वजन साडेचारशे किलोच्या वर जातं. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत माडीची जमीन लाकडी तुळयांवर असते; तिथं ही टाकी चढवायची नाही, ती खालच्या सोप्यातच बसवायची, तीही दारातून ऊन येणार नाही अशा भिंतीला.

पाण्याबद्दल इथं पहिला विचार हमखास गोव्याचा येतो. चोर्ला घाट उतरलं की समुद्र; चार कॅन भरून आणले की झालं. हिवाळ्यात, नदीच्या मुखापासून लांब, स्वच्छ किनाऱ्यावर ते पाणी चालूनही जाईल. पण पावसाळ्यात आपल्याच खानापूरच्या जंगलात कोसळणारा पाऊस म्हादई होऊन पणजीला मांडवीच्या नावानं समुद्राला मिळतो, आणि मुखाजवळच्या पाण्याचा खारटपणा कुठल्या कुठं घसरतो. गाळ, बोटींचं तेल, गावाचं सांडपाणी हे वेगळंच. त्यापेक्षा सिंथेटिक मीठ बरं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे या टाकीला पहिल्या भरणीसाठी दहा किलोच्या आसपास. पाणी मात्र आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं हवं. राकसकोपचं किंवा हिडकलचं नळाचं पाणी पिण्याला गोड असलं तरी त्यात क्लोरीन असतं. चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतातून झिरपलेलं नायट्रेट आहे का, ते आधी तपासून घ्यावं. आरओचं वाया जाणारं पाणी तुळशीला, जास्वंदीला घालावं. मीठ टाकीत कधीही थेट टाकायचं नाही. वेगळ्या ड्रममध्ये पंप आणि हीटर लावून दिवसभर फिरवायचं, मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ बघायचं. रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर जुळवण्यापेक्षा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर जुळवलेला बरा. जूननंतर इथली हवा अशी दमट होते की मिठाच्या बादलीचं झाकण अर्धवट राहिलं तरी आठवड्यात ढेकूळ होतं. असं गोळा झालेलं मीठ नीट विरघळत नाही आणि त्यातलं कॅल्शियम, अल्कलिनिटी यांचा मेळ बिघडतो.

बेळगावची हवा या छंदाला तशी अनुकूल. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या या गावात चेन्नई-मुंबईसारखा बारमाही चिलर लागत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. २५ ते २७ अंशांवर टाकी राहिली की पुरे. पण मग रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं, आणि मीठ मागेच राहतं; तेव्हा भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच, आणि शक्यतो आपोआप भर घालणाऱ्या ऑटो टॉप-अपनं. पावसाळ्यात उडणारं पाणी निम्म्यावर येतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोलीत गारठा असतो तेव्हा हीटर लागतोच. ३०० वॉटचा एक घेण्यापेक्षा १५० वॉटचे दोन घ्यावेत: एक चालूच अडकला तरी टाकी उकळत नाही, एक बंद पडला तरी गोठत नाही. वीज गेली की पहिला धोका गारठ्याचा नसतो, प्राणवायूचा असतो. पाणी फिरवणारा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्यावा, हीटर घेऊ नये, आणि बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एक एअर पंप जवळ ठेवावा. वळवाच्या पावसात झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

दगडांविषयी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. भारताच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'लाइव्ह रॉक' म्हणून कुणी किनाऱ्यावरून काढलेला प्रवाळाचा दगड विकत असेल तर तो घ्यायचा नाही. कोरडा अ‍ॅरॅगोनाइटचा (चुनखडीसारख्या खनिजाचा) किंवा सिरॅमिकचा दगड २५-३० किलो पुरतो. तो सच्छिद्र हवा, आणि भिंत रचल्यासारखा न लावता मध्ये गुहा, बोगदे, फटी ठेवून रचावा. काचेपासून चार बोटं लांब, म्हणजे घासणी फिरवता येते. वाळू १-२ मिलिमीटरची, ३-४ सेंटिमीटर थराची. आणि एका कोपऱ्यात, दगडांच्या मागे, बोराएवढ्या तुकड्यांचा एक ढीग. हा ढीग दिसायला काहीच नाही, पण या टाकीतली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच. माशाचं तोंड पोचत नाही अशा त्या फटींत कोपेपॉड वाढतात आणि तिथून बाहेर सांडत राहतात.

मग टाकी मुरू द्यायची.

मुरणं म्हणजे काय, ते सांगतो. पहिले चार ते सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर यायला जातात; अमोनियाचा डोस २ पीपीएमपर्यंत नेऊन बॅक्टेरियाची बाटली ओतली की हे जमतं. इथं बरेच जण थांबतात, कारण चाचणीची नळी पिवळी आली की टाकी तयार असं दुकानात सांगतात. क्लाउनसाठी ती तयार असते. मँडरिनसाठी ती अजून रिकामी आहे. यानंतर काचेवर तपकिरी थर येतो, तो जातो, हिरवा येतो, दगडांवर जांभळे डाग पडू लागतात. नायट्राइट शून्य झाल्यावर कोपेपॉड सोडायचे: दिवे बंद झाल्यावर, पंप अर्धा तास थांबवून, थेट दगडांच्या फटींत. 'टिस्बे' जातीचे घ्यावेत. ते बारीक असतात, दगडाला चिकटून राहतात आणि टाकीतच वाढतात. लाल रंगाचे मोठे 'टायग्रिओपस' पाण्यात उड्या मारताना दिसतात म्हणून विकत घेणाऱ्याला आवडतात, मासाही ते लगेच गट्ट करतो, पण उबदार टाकीत त्यांची वस्ती सहसा टिकत नाही. ते खाऊ म्हणून ठीक, बियाणं म्हणून नाही. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा एकदा सोडावेत. आणि त्यानंतर चार-सहा महिने त्यांना खाणारा एकही मासा आत घालायचा नाही. पहिल्या दिवसापासून धरलं तर मँडरिनची वेळ येते ती आठ-दहा महिन्यांनी. इतकं थांबणं जिवावर येतं, हे खरं. या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट कुठली असं विचारलं तर मी ही रिकाम्या टाकीची वाट बघण्याचीच सांगेन.

टाकी मुरली की नाही, ते ओळखायला उपकरण लागत नाही. दिवे बंद होऊन तास झाला की टॉर्च घेऊन यावं, काचेवर तिरपा प्रकाश टाकावा आणि डोळा काचेजवळ नेऊन थांबावं. आधी फक्त धूळ दिसते. मग त्यातला एक कण किंचित सरकतो, थांबतो, पुन्हा झटका देऊन सरकतो. पांढरट, खसखशीहूनही बारीक, मागे दोन केसांसारखी शेपटी. मादी असेल तर मागे अंड्यांची पोतडी लटकलेली. साध्या भिंगातून ती नीट दिसते. हाताच्या पंजाएवढ्या जागेत असे वीस-पंचवीस कण हलताना दिसले, आणि आठवड्यातल्या कुठल्याही रात्री तसेच दिसले, तर टाकीत एका माशापुरतं धान्य आहे असं समजावं. जोडीसाठी त्याच्या दुप्पट हवं, नाहीतर मागून पुरवठा हवा. मासा सोडल्यावर ही संख्या उतरतेच. पण महिन्यानं टॉर्च मारल्यावर दोन-तीनच दिसत असतील तर माशाचं पोट अजून गोल असलं तरी पुढचं कळून चुकलेलं असतं.

मागचा पुरवठा म्हणजे रिफ्युजियम (माशांपासून सुरक्षित असा कोपेपॉडचा कप्पा) आणि घरची पैदास. टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या दुसऱ्या टाकीत, ४०-५० लिटरचा कप्पा करून त्यात कीटोमॉर्फा नावाचं हिरव्या गुंतवळासारखं शेवाळ वाढवायचं, त्याचा दिवा वरच्या दिव्याच्या उलट, रात्री. तिथं पाणी संथ ठेवायचं. फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची पिशवी, लावला असेल तर काढून टाकावा, कारण कोपेपॉड त्यात अडकतात आणि धुताना गटारात जातात. घरच्या पैदाशीसाठी १० लिटरचे दोन पारदर्शक डबे पुरतात. दोन यासाठी की एकातली पैदास कधी ना कधी अचानक मरून जाते. त्यात १.०२३च्या आसपास खारं पाणी, हवेची नळी टोकाला एअर स्टोन न लावता, सेकंदाला एक-दोन बुडबुडे एवढीच. वरून नॅनोक्लोरोप्सिस किंवा टेट्रासेल्मिससारखं हिरवं फायटो, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, पाण्याला पोपटी छटा येईल इतकंच घालायचं. पाणी निवळलं की पुन्हा घालायचं. घट्ट हिरवं केलं तर तळाशी कुजतं, वास येतो, आणि दोन दिवसांत डबा मेलेला असतो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बारीक जाळीतून गाळायचं. जाळीवर जमेल ते टाकीत, पाणी बेसिनमध्ये. फायटो दोन लिटरच्या बाटलीत, एफ-टू नावाच्या शेवाळाच्या खतावर, रोज सोळा तास दिव्याखाली, आठ-दहा दिवसांत गर्द होतं. अर्धं वापरायचं, अर्ध्यावर पुन्हा पाणी घालायचं. एकच पथ्य: कोपेपॉडच्या डब्यातला चमचा, नळी, ओला हातसुद्धा फायटोच्या बाटलीला लागता कामा नये. लागला की खाणारेच बाटलीत शिरतात आणि हिरवं पाणी पांढरं पडतं.

आणि डासांची औषधं. पावसाळा सरता सरता इथं घरोघर कॉइल लागते, प्लगमधलं लिक्विड रात्रभर चालू असतं. यांतली पायरेथ्रॉइड रसायनं माणसाला त्या प्रमाणात सोसतात, कोपेपॉडला सोसत नाहीत. शेवटी तेही झिंग्या-खेकड्यांचेच भाऊबंद. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यासोबत हेही जातं. मासे ठीक दिसतात, काचेवरचे कण मात्र नाहीसे होतात, आणि महिनाभरानं मँडरिन खंगतो तेव्हा कुणाला कॉइल आठवत नाही. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरावी, फवारणी कधीही करू नये, आणि बाहेर धुराची गाडी आली की खिडक्या लावून एअर पंप तासभर बंद ठेवावा. तांब्याची औषधंही तशीच. दुसऱ्या माशाला रोग झाला म्हणून एकदा टाकीत तांबं घातलं की दगड ते धरून ठेवतात. औषध द्यायचं तर त्या माशाला वेगळ्या डब्यात काढून द्यावं.

जोडी जमवणं त्या मानानं सोपं, कारण नर-मादी नजरेनं ओळखता येतात. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा पहिला काटा लांबलचक असतो, अंगापेक्षा वर उभा राहणारा. मादीचा आखूड, गोलसर. अडचण इतकीच की नर बऱ्याचदा हा पर मिटून ठेवतो, आणि दुकानातल्या घाईत मिटलेला पर बघून मादी म्हणून दुसरा नर गळ्यात पडतो. दोन नर एका टाकीत राहत नाहीत. एक मरेपर्यंत भांडतात. तेव्हा खोक्यासमोर थांबावं, पर उघडेपर्यंत. आणि पकडताना जाळी वापरू देऊ नये. गालाशी काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना कातडी फाटते. प्लॅस्टिकच्या मगमध्ये हाकलून घ्यावा. सोबतीला क्लाउन, फायरफिश, कार्डिनल चालतात. सिक्सलाइन रास नावाचा मासा नको, तो दिवसभर तेच कोपेपॉड टिपतो आणि मँडरिनपेक्षा चपळ असतो. 'स्कूटर' नावानं विकला जाणारा मासा मँडरिनचा जवळचा नातेवाईक, त्याचं ताटही तेच. अ‍ॅनिमोनी (तळाला बसणारा, डंख मारणाऱ्या बाहूंचा प्राणी) नको. तळावर संथ चालणारा मासा तिच्या बाहूंत सहज सापडतो.

गोठवलेलं खाणं शिकवता येतं, आणि शिकवावंच. टाकीत काचेला चिकटवलेल्या जाळीच्या खोक्यात जोडी दोन-तीन आठवडे ठेवून आधी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या झिंग्यांची) जिवंत पिल्लं द्यायची. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, जोराची हवा, २७ अंश आणि उजेड, की दुसऱ्या दिवशी नारिंगी धुकं तयार. ते ताजंच घालावं. जन्मताना सोबत असलेली चरबी काही तासांत संपते आणि मग पिल्लं नुसती फोलपटं. मोठं झालेलं आर्टेमियाही तसंच, मासा आवडीनं खातो आणि तरी वाळतो. पिल्लांत थोडे गोठवलेले सायक्लॉप्स (हेही एक कोपेपॉडच), माशांची बारीक अंडी मिसळत जायचं. पिपेटनं, तोंडासमोर, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. काही मासे आठवड्यात घेतात, काही कधीच घेत नाहीत. घेऊ लागला म्हणून रिफ्युजियम मोडायचं मात्र नाही. पेलेट (कोरड्या खाद्याचे दाणे) खाणारा मँडरिनही दिवसभर टिपायचं सोडत नाही.

पोटं भरलेली असली की संध्याकाळी वेगळंच काही दिसू लागतं. देवाजवळ दिवा लागण्याच्या सुमाराला टाकीतला उजेड अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू उतरत जावा असा टायमर लावलेला असतो. नर सगळे पर उघडून मादीभोवती फिरतो, लांब काटा ताठ. मादी जवळ येते, त्याच्या पोटाखालच्या रुंद परावर टेकते, आणि दोघं पोटाला पोट लावून सरळ वर निघतात. घाई नसते. समुद्रात ही चढण मीटरभर जाते. टाकीत मिळेल तेवढी, म्हणून २ फूट उंची हवी. वर क्षणभर थांबतात, मग दोघंही झटक्यात खाली. मागे पाण्यात मिलिमीटरपेक्षा बारीक, पारदर्शक अंडी तरंगतात, कधी डझनभर, कधी शे-दोनशे. याच वेळी कुणी खोलीतली ट्यूब लावली तर चढण अर्ध्यावर मोडते. घरच्यांना एवढं सांगून ठेवावं की त्या अर्ध्या तासात या खोलीत दिवा नको. गणपतीत आरास आणि पाहुण्यांची वर्दळ असते तेव्हा आठवडाभर हे बंदच राहतं, त्याला इलाज नाही. अंडी कपानं अलगद उचलून वेगळ्या काळ्या भांड्यात ठेवली तर बारा ते सोळा तासांत फुटतात. त्यातून निघणाऱ्या जिवाचं तोंड अगदी लहान, आणि टिस्बेची पिल्लं तर तळाशीच राहतात. पॅरव्होकॅलॅनस नावाच्या तरंगत्या कोपेपॉडची पिल्लं लागतात, आणि ती पैदास टिस्बेपेक्षा कितीतरी नाजूक. घरगुती पातळीवर हे केलेले लोक जगात आहेत. फ्लोरिडातल्या आणि पलाऊतल्या केंद्रांनी ते विक्रीच्या प्रमाणात केलं.

आणि मला वाटतं, आपल्यासारख्या समुद्रापासून घाटभर वर राहणाऱ्यांसाठी इथंच सगळा प्रश्न येऊन थांबतो. फिलिपिन्समध्ये हा मासा पकडतात तो बारीक सुयांच्या छोट्या भाल्यानं, दगडांच्या ढिगात वेचून. सुई शेपटीकडच्या मांसात रुतते. लांब काट्याच्या नराला भाव जास्त, म्हणून मोठे नर आधी जातात, आणि माद्या मोठ्या नरांनाच पसंती देतात, त्यामुळे मागे उरलेल्यांची वीण मंदावते. पकडणाऱ्याकडून निर्यातदाराकडे, तिथून विमानानं मुंबई, चेन्नई किंवा बेंगळुरू, तिथून रात्रीच्या बसच्या पार्सलमधून बेळगाव. या सगळ्या प्रवासात त्यानं टिपलेला प्रत्येक दाणा कोऱ्या काचेवरचा. पैदास केंद्रात जन्मलेला मँडरिन लहान मिळतो, तीन-चार सेंटिमीटरचा, रंगानं जरा फिका, महाग, आणि मागवायला वेळ लागतो. पण त्यानं जन्मापासून माणसाच्या हातचं खाल्लेलं असतं. सौंदर्यावर भाळून छंदात आलेल्या माणसाला तो फिका रंग खटकतो, हे समजू शकतं. वर्षभरात रंग भरतो.

तेव्हा टाकी आठ-दहा महिन्यांची झाली, टॉर्चच्या उजेडात काच हलू लागली, की ऑर्डर द्यावी आणि ती लेखी द्यावी: पैदाशीतली जोडी, एक लांब काट्याचा, एक आखूड, तेवढ्या लहान वयात काटा उमगत नसेल तर एकच घ्यावा आणि दुसऱ्याची निवड तो मोठा झाल्यावर करावी. दुकानात आल्यावर आठवडाभर तिथंच, शेवाळ धरलेल्या दगडाच्या टाकीत ठेवायला सांगावं, त्यासाठी आगाऊ पैसे द्यावेत. आणायला जाताना घरचं गोठवलेलं खाणं बर्फात घालून बरोबर न्यावं, दुकानदाराला म्हणावं, "दादा, हे जरा याला घालून दाखवा की," आणि पाच मिनिटं बघावं. तोंडासमोरून जाणारा कण त्यानं टिपला आणि गिळला, थुंकला नाही, तरच पिशवी भरायला सांगावी.